वाडा म्हातारा होऊन मरत नाही

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या सासरी किंवा माहेरी अजून सागवानी खांबांचं घर उभं आहे? भंडारा, तुमसर, पवनी, मोहाडी, साकोली, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत जरा डोळे उघडे ठेवून चाला. नव्या सिमेंटच्या इमारतींच्या मधेच एखादं घर अंग चोरून बसलेलं दिसेल. पुढे खांबांची सपरी, आत चौक, वर मयालीच्या आधारानं पेललेलं कवेलूंचं छप्पर, आणि दारावर कुणा विसरलेल्या सुताराची वेलबुट्टी.

या घराचं कौतुक पाहुण्यांना फार. 'काय थंडगार आहे हो तुमच्याकडे!' असं म्हणून ते चहा पिऊन जातात. वरून पडणारी माती रोज झाडायची कुणी? वानरांनी कवेलू फोडले की भर पावसात घमेली-बादल्या मांडायच्या कुणी? आणि एवढं करूनही घराचं काय करायचं याची बोलणी निघाली, की ती बसतात बाहेरच्या खोलीत, पुरुष मंडळींत. आपण आतून चहाचा ट्रे पाठवतो. 'जुनं झालंय, पाडून टाकू,' एवढं वाक्य कानावर येतं आणि निकाल लागतो.

पण लाकडाचं घर खरंच 'जुनं' होऊन मरतं का? याचं उत्तर शोधायचं, तर एखाद्या घराची सगळी हकीगत वर्षावार ठाऊक हवी. आपल्याकडच्या घरांची ती कुणी लिहून ठेवलेली नाही. पुण्याच्या दोन वाड्यांची मात्र लिहिलेली आहे. म्हणून आज थोडं दूर, पुण्याला जाऊन येऊ.

हाडं लाकडाची, अंग मातीचं

आधी हे घर उभं कसं राहतं ते पाहू. सिमेंटच्या घराआधीचं साधं विटांचं घर भिंतींवर उभं असतं. भिंत गेली की छप्पर गेलं. वाड्याचं तसं नाही. दगडी जोत्यावर तळखडे बसवायचे, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. सगळा भार या लाकडी सांगाड्यावर. खांबांच्या मधली जागा मग विटांनी किंवा मातीनं भरून काढायची. दोन खांबांमधल्या जागेला म्हणतात 'खण', आणि घर किती मोठं हे खणांवरून सांगायचे. ओटीत घालतो त्या खणाचाच हा सख्खा भाऊ म्हणा ना!

ही विद्या केवळ आपली नव्हे. जर्मनीतही शेकडो वर्षं लोक अशीच घरं बांधत आले. सागाच्या जागी ओक, आणि आडव्या-उभ्या-तिरप्या वाशांच्या मधे माती किंवा विटा. वासे बाहेरून दिसतेच ठेवायचे, त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर काळ्या रेघांची रांगोळी घातल्यासारखं ते घर दिसतं. तिकडे या बांधणीला 'फाखवेर्क' म्हणतात. हिल्डेसहाइम नावाच्या शहरात खाटकांच्या संघानं १५२९ साली असंच एक टोलेजंग घर बांधलं होतं. ते चारशे वर्षांहून अधिक काळ टिकलं. २२ मार्च १९४५ ला, महायुद्धाच्या अखेरीस, बाँबहल्ल्यात ते जळून गेलं. त्या जागी पुढे हॉटेल उभं राहिलं. पण गावाला चैन पडेना. शेवटी ते हॉटेल पाडून, जुने नकाशे आणि फोटो पाहून, १९८७ ते १९८९ या काळात ते घर पुन्हा उभारलं गेलं. तसंच ओकचं लाकूड आणि लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या! कागद जपलेले होते म्हणून हे जमलं, एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

पेशव्यांच्या वाड्याचे किती धनी!

आता पुण्याचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं तो राहण्यासाठी बांधला. सुमारे १८०७ चं हे काम, आणि त्याला दोन लाख रुपये लागले असं सांगतात. शनिवारवाडा असताना हा दुसरा कशाला, तर बाजीरावाला शनिवारवाड्यात राहणं नकोसं झालं होतं. नारायणराव पेशव्यांचा खून तिथेच, १७७३ साली झाला होता. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग आजही लोक थांबून पाहतात. सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले खांब, पुढे आलेला लाकडी सज्जा, आणि त्यावरची केळफुलाची नक्षी.

या वाड्यात पेशव्यांना उणीपुरी दहा-अकरा वर्षं लाभली. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव विठूरला गेले आणि वाडा इंग्रजांच्या हाती आला. धनी गेला की घर ओस पडतं, असं आपण म्हणतो. पण इंग्रजांनी १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, त्या पैशांतून तिचा खर्च चाले. पुढे तिथेच इंग्रजी शिक्षण आलं, आणि जी संस्था नंतर डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आली तिचीही सुरुवातीची वर्षं याच छपराखाली गेली.

मग आली १३ मे १८७९ ची रात्र. पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा अशा दोन वाड्यांना एकाच रात्री आग लावली गेली. वैशाखातलं कोरडं ठणठणीत लाकूड ते! बुधवारवाडा पार गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. पण लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेनं पैसे घातले आणि जळलेला भाग पुन्हा उभा केला. म्हणजे आज आपण ज्या दर्शनी भागाचं कौतुक करतो, तो आगीतून एकदा उठलेला आहे.

पुढे विसाव्या शतकात वाडा पुण्याच्या नगरपालिकेकडे आला. अनेक वर्षं शहराचा कारभार तिथून चालला. खाली टपाल कचेरी होती, वर सरकारी दप्तरं होती. अलीकडच्या काळात महापालिकेनं त्याची डागडुजी हाती घेतली आणि शहराच्या इतिहासाचं प्रदर्शनही तिथे मांडलं.

बघा बरं, धनी किती! पेशवे, पाठशाळा, कॉलेज, नगरपालिका, टपाल. एकानंही वाडा जसाच्या तसा ठेवला नाही. पण प्रत्येकाला स्वतःच्या डोक्यावर छप्पर हवं होतं, म्हणून प्रत्येकानं गळकं छप्पर नीट केलं. लाकडी घराला याहून मोठं औषध नाही.

उलट उदाहरणंही आहेतच. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. त्यात कुणी नांदतं धनी उरलं नव्हतं. तो पुन्हा उभा राहिला नाही, आता आहेत त्या दगडी भिंती आणि जोती. आपल्या भंडाऱ्यावर ज्यांचं राज्य होतं त्या नागपूरच्या भोसल्यांचाही महालातला राजवाडा असाच कोरीव लाकडाचा. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झालं. त्यानंतर १८६४ साली राजवाडा जळाला आणि मोठा नगारखाना तेवढा उरला. आग सगळीकडे सारखीच लागते. फरक पडतो तो आगीनंतर. घर कुणाला हवं आहे की नाही, ते तेव्हा कळतं.

दहा मिनिटांवरचा दुसरा वाडा

विश्रामबागवाड्यापासून पायी दहा मिनिटांच्या आत, दगडूशेठ गणपतीसमोर, आणखी एक वाडा होता. त्याला सज्जा नव्हता, केळफुलं नव्हती. तो होता भिड्यांचा वाडा. आणि तरी आपल्या दृष्टीनं, म्हणजे हे पान वाचू शकणाऱ्या प्रत्येक बाईच्या दृष्टीनं, त्याचं मोल पेशव्यांच्या वाड्याहून अधिक. १८४८ साली तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या या वाड्यातली जागा जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेसाठी दिली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सतरा. त्यांच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत आणि त्या जादा लुगडं बरोबर नेऊन शाळेत बदलत, ही गोष्ट आपण मुलींना सांगतोच.

आणि या दोन वाड्यांची एकदा गाठही पडली होती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल, जोतीरावांचा सरकारच्या वतीनं जाहीर सत्कार झाला. मेजर कँडींच्या हस्ते शालजोडी दिली गेली. तो सोहळा झाला विश्रामबागवाड्यात! जिथे एकही मुलगी शिकत नव्हती अशा वाड्यात, मुलींना शिकवणाऱ्याचा मान झाला.

पुढे भिडेवाड्याचं काय झालं? त्याला आग लागली नाही. बाँब पडला नाही. त्याचे मालक बदलले, खाली दुकानं आली, भाडेकरू आले. महापालिकेनं तिथे स्मारक करायचं ठरवलं, तर प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. तोवर इकडे वरचा मजला खचला, छपरातून आभाळ दिसू लागलं, भिंतीवर झाडं उगवली. दुरुस्त करायचं कुणी? मालकानं म्हणावं, जागा जाणार आहे. भाडेकरूनं म्हणावं, घर माझं नाही. पालिकेनं म्हणावं, ताबा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. डिसेंबरच्या सुरुवातीला, एका रात्रीत, उरलासुरला वाडा पाडून जागा मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या स्मारकाची पायाभरणी झाली.

स्मारक होईल आणि ते व्हायलाच हवं. पण ज्या चौकटीतून पहिल्या मुली पाटी घेऊन आत गेल्या ती चौकट आता कुठलंही स्मारक देऊ शकणार नाही. दोन वाडे, एकाच गावचे, एकाच रीतीनं बांधलेले. पहिला जळूनही राहिला, दुसरा न जळता गेला. म्हणूनच म्हणते, वाडा म्हातारा होऊन मरत नाही. 'हे माझं काम आहे' असं म्हणणारं कुणी उरलं नाही की तो मरतो.

आता आपल्या घराकडे

पुण्याहून परत येऊ. तुमच्या घरात पेशवे राहिले नसतील, पण तीन-चार पिढ्यांची बाळंतपणं आणि लग्नं त्या छपराखाली झाली आहेत. घर टिकवायचं असेल तर पुढच्या गोष्टी बघा. यातली बरीच तपासणी आपली आपल्याला करता येते.

छप्पर आधी. मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यातच कवेलू फेरून घ्या. फुटके बदला, सरकलेले बसवा. भिंतीला रंग देण्याचे पैसे एखाद्या वर्षी वाचवले तरी चालतील, छपराचे वाचवू नका. एका फुटक्या कवेलूतून गळणारं पाणी वाशावरून मयालीत आणि मयालीवरून खांबात उतरतं. ते दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

खांबाचे पाय कोरडे ठेवा. सांडपाणी, मोरीची गळती, अंगणातलं पाणी तळखड्याजवळ साचू देऊ नका. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा कट्टा करण्याची टूम निघाली आहे. दिसायला तो नीटनेटका, पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. त्याचं मातीशी जमत नाही. वर्ष-दोन वर्षांत पोपडा सुटतो आणि तोवर ओल आत कोंडते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा आणि वरून चुन्याची सफेदी, हेच त्या भिंतीला मानवतं.

वाळवीवर डोळा ठेवा. महिन्यातून एकदा, झाडता झाडता खांबाच्या मागची बाजू बघा. मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती उधई. बोटाच्या पेरानं खांब ठोकून बघा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज यांतला फरक नारळ पारखणाऱ्या बाईला शिकवावा लागत नाही. पोकळ वाटला तर वेळ न दवडता जाणत्या सुताराला बोलवा. खांबाचं बूड कुजलं म्हणून अख्खा खांब बदलायचं कारण नसतं. वरून आधार देऊन, कुजका भाग कापून, तिथे नवा सागवानी तुकडा सांध्यानं बसवता येतो.

विजेच्या तारा बदला. लाकडी घराला खरी भीती आगीचीच. लाकडी पट्टीवर ठोकलेली जुनी वायर, एका प्लगात चार पिना, माळ्यावरच्या अडगळीतून गेलेल्या तारा, हे आजच्या आज थांबवा. चांगल्या वायरमनकडून नवं फिटिंग आणि आपोआप बंद होणारी कळ बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. सगळीच घरं वाचत नाहीत. खांब कलला असेल, मयाल वाकली असेल, भिंत पोटात फुगून सांगाड्यापासून सुटली असेल, तर त्या खोलीत पावसाळ्यात मुलांना झोपवू नका. आधी बांधकामातल्या जाणकाराला दाखवा. माणसापेक्षा वाडा मोठा नाही.

आणि पाडायचंच ठरलं तर? 'मलबा आम्हीच फुकट उचलून नेतो' अशा बोलीवर भुलू नका. त्या मलब्यात तुमचं जुनं, पक्कं सागवान असतं, आणि आज त्याची किंमत काय हे सॉमिलवर एकदा विचारून या. खांब, तुळया, दारं यांना खडूनं आकडे घाला, मोजदाद करा, मग हात लावू द्या. मुख्य दार तरी नव्या घराला लावून घ्या. त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मापं कागदावर टिपा. हिल्डेसहाइमच्या लोकांनी तेवढंच जपलं होतं!

सही करण्यापूर्वी

आता जरा नाजूक गोष्ट. भिडेवाडा ज्या दुखण्यानं गेला ते घरोघरी आहे. तीन भाऊ, एक घर. थोरला नागपूरला, मधला पुण्याला, धाकटा इथे. छपराचा खर्च निघाला की प्रत्येकजण म्हणतो, 'वाटणी होऊ द्या, मग बघू.' वाटणी होत नाही, पावसाळा मात्र दरवर्षी होतो.

या वाटणीत बहिणीही असतात, हे विसरून चालणार नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क, हा कायदा महाराष्ट्रानं १९९४ सालीच केला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलीलाही तो दिला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. प्रत्येक घराचे कागद निराळे असतात, तेव्हा वकिलाला आखीव पत्रिका दाखवून विचारलेलं बरं.

माहेरी राखीला गेलं, की जेवणानंतर हळूच कागद पुढे येतो. 'ताई, एवढी सही कर, हक्कसोडपत्र आहे.' भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. हिस्सा घ्यायचा की सोडायचा हे तुमच्या मनावर आहे. पण सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? 'दादा, घराचं काय करणार आहेस?' आणि 'या पावसाळ्याआधी कवेलू कोण फेरणार?' हक्क सोडणाऱ्या बहिणीला एवढं विचारायचा अधिकार नक्कीच आहे. सासरी तुमचं नाव कागदावर नसलं तरी तिथेही बोला. ज्या बाईला कुठला वासा कुठे गळतो ते पाठ आहे, तिचं मत बैठकीत नसावं हे कुठलं शहाणपण? पावसाळ्याआधीचा खर्च सगळ्या भावांनी मिळून वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला टाकून करायचा, एवढी एक गोष्ट जरी तुम्ही मान्य करून घेतलीत, तरी वाटणी होईतो घर उभं राहील.

आणि जाता जाता एक काम देते, फार सोपं. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ एक वही घेऊन बसा. आजेसासूबाई, काकूआजी, जे कोणी असतील ते. घर कुणी बांधलं, कोणत्या साली, लाकूड कुठून आलं, सुतार कुठला होता, माडी नंतर चढवली का, विहीर कधी खणली, विचारा आणि लिहून ठेवा. त्यांना साल आठवणार नाही. 'तुझ्या सासऱ्याच्या मुंजीच्या आदल्या वर्षी' असं काहीतरी सांगतील. तेही लिहा. हे उन्हाळ्याच्या सुट्टीत करा, मुलं घरी असतात तेव्हा. मापं मुलांना घेऊ द्या, खण त्यांना मोजू द्या. आणि वही कपाटात ठेवण्यापूर्वी शेवटच्या पानावर या वर्षीची तारीख घालून लिहा : कवेलू फेरले.